महानगरात घर शोधताना : हिवरा आश्रम ते वाघोली

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. कै. शुकदास महाराजांनी स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित झाले. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त तेथे भरणाऱ्या उत्सवात हजारो लोक शेतात रांगेने पंगतीला बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी-भाजीचा महाप्रसाद वाढला जातो, हे दृश्य अनेकांनी वृत्तपत्रांत पाहिले असेल. ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी २०१७ साली प्रथम याच गावाची निवड झाली होती. वाद उद्भवल्यावर आश्रमाने निमंत्रण मागे घेतले आणि २०१८ साली ते संमेलन बडोद्यास भरले. गावात शाळा आहे, कनिष्ठ महाविद्यालय आहे, कृषी महाविद्यालयही आहे. म्हणजे शिक्षण गावात पोहोचले आहे. शिकलेल्या हातांना पुरेल एवढे काम मात्र पोहोचलेले नाही. सोयाबीन, तूर व कापूस यांच्या भरवशावर दोन भावांचे संसार चालणे कठीण झाले, की धाकटा भाऊ पिशवी उचलतो व रात्रीच्या बसने पुण्याची वाट धरतो.

गेल्या काही वर्षांत ही वाट सोपी झाली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. महानगर जवळ आले, असे आपण म्हणू लागलो. परंतु महामार्ग माणसाला शहराच्या वेशीपर्यंत आणून सोडतो. त्या शहरात कोणत्या भागात राहावे, कोणत्या गल्लीत खोली घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही महामार्गावरील फलकावर लिहिलेले नसते.

वरवर पाहता हा प्रश्न खासगी वाटतो. तो तसा नाही. शहराच्या ज्या भागात आपण राहतो, त्यावरून आपल्या मुलांची शाळा ठरते, पिण्याचे पाणी ठरते, प्रवासात जाणारे तास ठरतात, संकटकाळी दार ठोठावण्यासारखा शेजारी असेल की नाही हेही ठरते. म्हणूनच या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचे योजिले आहे.

बसथांब्याने निवडलेली वस्ती

विदर्भ व मराठवाड्यातून पुण्याकडे येणाऱ्या अनेक बसगाड्या नगर रस्त्याने शहरात शिरतात. पहाटे वाघोली येते, मग खराडी, चंदननगर, वडगाव शेरी, येरवडा. त्यामुळे या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बुलढाणा, वाशिम, परभणी, जालना या भागांतून आलेली पुष्कळ कुटुंबे आढळतात. गावचा मित्र जेथे उतरला, तेथेच आपणही उतरतो. त्याच्या खोलीत चार दिवस राहतो व मग शेजारची खोली भाड्याने घेतो. नोकरी मिळते हिंजवडीला किंवा चाकणला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. खोली मात्र वाघोलीतच राहते. याला निवड म्हणावे काय? अनेकदा ही निवड त्या तरुणाने केलेली नसते. ती बसथांब्याने केलेली असते.

यात त्या तरुणाला दोष देता येणार नाही. अनोळखी शहरात पहिला आधार ओळखीच्या माणसाचाच असतो. मुंबईचा इतिहास हेच सांगतो. गोव्याहून बोटीवर काम शोधण्यासाठी आलेल्या आपल्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत गावागावांचे ‘कूड’ उभारले. ज्या गावचा कूड, त्या गावच्या माणसाला तेथे अल्प दरात पेटी ठेवायला व अंथरूण पसरायला जागा मिळे. कोपऱ्यात वेदी असे आणि संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होई. कोकण व घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी लालबाग-परळ भागात गावकीच्या खोल्या आणि खानावळी यांच्या आधाराने अशीच मुळे धरली. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबे पुण्यात आली, तेव्हा त्यांनीही चर्च, नातलग व काम यांच्या जवळपासच बिऱ्हाडे थाटली.

मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. कूड धोबीतलावला होता, कारण बंदर व बोटीच्या कचेऱ्या तेथून जवळ होत्या. गिरणगावात कामगार राहिला, कारण गिरणीचा भोंगा त्याला खोलीत ऐकू येत असे. ओळख आणि काम या दोन्ही गोष्टी तेव्हा एकाच ठिकाणी सापडत. आज त्या एकमेकींपासून दुरावल्या आहेत आणि प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

स्वस्त भाड्याची खरी किंमत

समजा, एका तरुणाने कामाच्या ठिकाणापासून दूर, परंतु दरमहा तीन हजार रुपयांनी स्वस्त अशी खोली घेतली. त्यापायी त्याचा जाण्यायेण्यात दररोज दोन तास अधिक वेळ जातो. महिन्याला पंचवीस दिवस काम धरले, तर वर्षाचे सहाशे तास होतात, म्हणजे पूर्ण पंचवीस दिवस व पंचवीस रात्री. वर्षाला वाचले छत्तीस हजार रुपये. याचा अर्थ त्याने आपल्या आयुष्याचा एक तास साठ रुपयांना विकला. पेट्रोलचा अथवा बसचा वाढीव खर्च वजा केला, तर तेवढेही हाती उरत नाहीत.

एकट्या तरुणाला हा व्यवहार काही काळ परवडेल. घरात लहान मूल असेल, तर तेच दोन तास त्या मुलाच्या वाट्याचे असतात. बाप निघतो तेव्हा मूल झोपलेले असते, परततो तेव्हाही झोपलेले असते. अशा घरांत एकत्र जेवण होत नाही, मग एकत्र प्रार्थना कोठून होणार? कुटुंबात संवाद उरला नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिचे एक कारण दूरदर्शन व मोबाइल हे असेलही, पण दुसरे कारण घर व काम यांमधील अंतर हे आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही.

म्हणून भाड्याचा आकडा एकटा पाहू नये. भाडे, प्रवासखर्च, पाण्याचा खर्च आणि वेळ या चारही गोष्टींची बेरीज करावी. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. १ ऑगस्ट २०२३ रोजी ती रुबी हॉलपर्यंत, ६ मार्च २०२४ रोजी नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी भूमिगत मार्गाने स्वारगेटपर्यंत पोहोचली. स्थानकापासून पायी जाता येईल अशी लहान खोली ही दूरच्या मोठ्या खोलीपेक्षा पुष्कळदा स्वस्त ठरते, हे हिशेब मांडल्याखेरीज कळत नाही.

घरात येणारे पाणी आणि घरात शिरणारे पाणी

खेड्यातून येणाऱ्या माणसाची समजूत असते की शहरात नळ असतोच. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली अकरा व २०२१ साली तेवीस गावे समाविष्ट करण्यात आली. वाघोली, नऱ्हे, मांजरी, नांदेड, किरकिटवाडी ही नावे दुसऱ्या यादीतली आहेत. नकाशात गावे शहरात आली, पण जलवाहिन्या व मलनिस्सारण वाहिन्या त्याच वेगाने आल्या नाहीत. इमारतीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव दिसतो, पिण्याचे पाणी मात्र टँकरने येते.

याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये दिसली. सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकिटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या दुर्मीळ आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही मृत्यूही झाले. तपासाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. ज्यांनी त्या भागात घर घेतले, त्यांनी सदनिकेच्या फरशीचा रंग पाहिला असेल, खिडकीतून दिसणारी टेकडी पाहिली असेल. पाणी कोठून येते व त्यावर प्रक्रिया होते काय, हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल?

दुसरे पाणी घरात शिरणारे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातील आंबिल ओढ्याला पूर आला. शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी अतिवृष्टी व खडकवासला धरणाचा विसर्ग यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसर पाण्याखाली गेला. मुंबईकर तर २६ जुलै २००५ हा दिवस कधीच विसरणार नाहीत. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

नदीकाठच्या जमिनीसाठी पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. आपल्या शेतात नाला कोठून वाहतो आणि पावसाळ्यात तो किती फुगतो, हे ज्ञान हिवरा आश्रमच्या शेतकऱ्याच्या मुलाला उपजतच असते. आश्चर्य असे की शहरात पाऊल ठेवताच तो हे ज्ञान गावी ठेवून येतो. खोली पाहायला जावे ते पावसाळ्यात, आणि तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ते पाहावे. ही रेघ दलालापेक्षा अधिक खरे बोलते.

कागद पाहिल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये

भाड्याने राहणारे व घर विकत घेणारे, दोघांनाही कागदाचा कंटाळा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कायदा दुर्बलाच्या बाजूने उभा आहे, पण हे त्या दुर्बलालाच ठाऊक नसते. अनामत रकमेची पावती न घेता तो ती रोख देऊन मोकळा होतो.

घर विकत घेणाऱ्यांची कहाणी अधिक करुण आहे. नालासोपारा पूर्वेकडील अग्रवाल नगरी परिसरात सार्वजनिक कामासाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरार येथे रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून सतरा माणसे मृत्युमुखी पडली. यांतील बहुतेक कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले होते, काहींनी गावची जमीन विकून घेतले असेल. फसवणारे वेगळे होते, दंड मात्र फसलेल्यांनी भोगला.

१ मे २०१७ पासून महारेरा प्राधिकरण कार्यरत आहे व त्यामुळे ग्राहकाला मोठे संरक्षण मिळाले. तथापि केवळ महारेराचा क्रमांक पाहून निश्चिंत होऊ नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेची बनावट परवानगीपत्रे जोडून अशी नोंदणी मिळविण्यात आल्याचे उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणून बांधकाम परवानगी खरोखरच दिली गेली आहे काय, हे महापालिकेच्या कार्यालयात जाऊन विचारावे. जमिनीचा सातबारा अथवा मिळकत पत्रिका, बिगरशेती परवानगी, विकास आराखड्यातील आरक्षण आणि भोगवटा प्रमाणपत्र या चार गोष्टी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. गुंठ्याने विकल्या जाणाऱ्या जमिनीच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी. ‘पुढे सगळे नियमित होते’ हे वाक्य विकणाऱ्याच्या सोयीचे असते.

दाराआडचा नकार

आणखी एक कसोटी आहे आणि ती कागदावर दिसत नाही. खोली रिकामी असते, भाडे ठरते, मग आडनाव विचारले जाते. आडनावावरून जात, धर्म, आहार यांचा अंदाज बांधला जातो आणि ‘घरच्यांशी बोलून कळवतो’ असे उत्तर मिळते. ते कळवणे कधीच येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड येथे एका मराठी महिलेला मराठी असल्याच्या कारणावरून गृहसंकुलात कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो योग्यच होता. परंतु दलित, मुस्लिम, ख्रिस्ती, अविवाहित स्त्रिया, परप्रांतीय यांना हा अनुभव वर्षानुवर्षे येत आला आहे. तेव्हा आपण किती संतापलो होतो?

येथे आत्मपरीक्षणही करावयास हवे. एकाच समाजाच्या वसाहतींची परंपरा मुंबईत जुनी आहे. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तर १९१८ साली वांद्र्यात आपल्या बांधवांनी साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारी घरे मिळावीत, हा त्यामागील हेतू प्रशंसनीय होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा संस्थेचा उपविधी वैध ठरविला. कायद्याने परवानगी दिली, पण कायद्याला जे चालते ते सारे शेजारधर्माला चालते असे नाही. सर्वत्र अशाच भिंती उभ्या राहिल्या, तर नव्याने आलेल्या माणसाने जायचे कोठे? आपल्यापैकी ज्यांच्या मालकीची एखादी खोली आहे, त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. चांगल्या शेजाऱ्याच्या दाखल्यात येशूने नायक म्हणून शोमरोनी मनुष्य निवडला, परका व तिरस्कृत. वाटेवरच्या त्या जखमी माणसाने त्याचे आडनाव विचारले नव्हते.

ज्यांना निवडच नसते

इतका वेळ आपण निवड करू शकणाऱ्यांविषयी बोललो. २३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून एक डंपर गेला. त्यात दोन लहान मुले व एक तरुण असे तिघे ठार झाले, सहाजण जखमी झाले. हे मजूर बांधकामावर काम मिळावे म्हणून अमरावती जिल्ह्यातून आले होते. तेही विदर्भातूनच आलेले होते. इतरांची घरे बांधायला आलेल्या त्या माणसांना पाठ टेकायला पदपथ मिळाला.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणाचा विचार करताना शहरातील घरे, वस्त्या व वाहतूक यांचाही विचार केला आहे. नदी, जंगल यांच्याइतकीच माणसाची राहण्याची जागा हीदेखील सृष्टीच्या काळजीचा भाग आहे, ही त्यामागील दृष्टी. शासनाने कामगारांसाठी भाड्याची स्वस्त निवासस्थाने उभारणे, बांधकाम व्यावसायिकांनी मजुरांना पहिल्या रात्रीपासून छप्पर देणे, ही दयेची कामे नव्हेत. ती न्यायाची कामे आहेत.

आपल्याला काय करता येईल?

केवळ विश्लेषण करून थांबणे उचित होणार नाही. तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, कुटुंबांसाठी. मुलगा वा मुलगी शहरात जाणार असेल, तर पहिल्याच आठवड्यात अकरा महिन्यांचा करार करू नये. कामाचे ठिकाण निश्चित होईपर्यंत वसतिगृहात अथवा नातलगांकडे राहावे. खोली एकदा दिवसा व एकदा रात्री पाहावी. शेजाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत: पाणी किती वेळ येते, पावसाळ्यात रस्ता कसा असतो, आणि रात्री दहानंतर एकटी मुलगी बसथांब्यापासून निर्धास्त चालत येऊ शकते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांकडून न घेता तेथील भगिनींकडूनच घ्यावे.

दुसरी, शहरातील धर्मग्रामांसाठी. कुडाची परंपरा नव्या रूपात पुन्हा सुरू करता येईल. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन जाणत्या व्यक्तींनी आपल्या परिसरातील भाडे, पाणी, शाळा, दवाखाना यांची माहिती ठेवावी आणि नव्याने येणाऱ्या कोणालाही, तो ख्रिस्ती असो वा नसो, ती विनामूल्य द्यावी. भाडेकरार वाचून दाखविणारा एखादा निवृत्त कर्मचारी किंवा वकील प्रत्येक धर्मग्रामात असतोच. रविवारी मिस्सानंतरचा अर्धा तास एवढेच त्याच्याकडे मागायचे आहे. दलाल एका महिन्याचे भाडे घेऊन जी माहिती लपवितो, ती आपण न लपविता देऊ शकतो.

तिसरी, गावाकडील धर्मग्रामांसाठी. तरुण गाव सोडतो तेव्हा त्याचा दाखला जातो, पण त्याची खबर जात नाही. तो ज्या भागात राहणार आहे, तेथील धर्मगुरूंना एक दूरध्वनी करावा, एवढेच पुरेसे आहे. पहिले सहा महिने एकाकीपणाचे असतात. त्याच काळात त्याच्याभोवती चांगली अथवा वाईट संगत जमते.

उद्या पहाटे वाघोलीच्या फाट्यावर मेहकरची गाडी थांबेल आणि पिशवी घेऊन कोणी तरुण उतरेल. हिवरा आश्रमच्या उत्सवात पंगतीला बसणाऱ्याला जात, गाव, आडनाव विचारले जात नाही, रांगेत जागा असली की त्याच्यापुढे पान येते. त्या तरुणाने शहरात खोलीसाठी दार वाजवले, तर दाराच्या आत कदाचित आपणच असू.